पिचरचा उजवा हात

"ठेव खाली," सर म्हणायचे, आणि मुलीने ठेवायच्या आत बॅट स्वतःच हिसकावून घ्यायचे. नुसती घेऊन थांबत नसत. खिशातला रुमाल काढून मूठ पुसायचे, पिचरचा हात लागून जशी काही बॅट विटाळलीच. मग ती माझ्या अंगावर टाकायचे. "मारायला ही म्हैस आहे ना!"

ती म्हैस मी. सॉफ्टबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, पिचर म्हणजे हात गरगर फिरवून कमरेखालून चेंडू टाकणारी. तिच्या वाटची बॅटिंग दुसऱ्या मुलीने केली तर चालते, तशी नियमातच सोय आहे. आमच्या टीममध्ये ती सोय म्हणजे मी. मला झेल यायचा नाही, पळणं तर विचारूच नका. मी पळायला लागले की कॉलनीतली कुत्री खाली बसून बघायची. पण चेंडू बॅटवर आला की तो कुंपणापलीकडेच जायचा.

सर मूळचे जळगावचे. इथे झाशीत सरकारी कारखान्यात सुपरवायझर. शिफ्ट सुटली की डबा सायकलला तसाच लटकवून मैदानावर हजर. पगारी कोच नव्हते ते, हौसच होती. तुमच्याही शाळेत असेल असा एखादा माणूस, मुलांसाठी जीव टाकणारा. आमच्या सरांनी जीव टाकला होता तो एका हातावर.

तो हात प्राचीचा. माझ्याच वर्गातली, चौदा वर्षांची, काडीसारखी. तिच्या घरचे लोक पाच-सहा पिढ्यांचे झाशीवाले मराठी. आई घरात जुनं मराठी बोलायची, हिला ते सगळं कळायचं, पण उत्तर यायचं हिंदीत. तिचा चेंडू बॅटजवळ येऊन असा खाली बसायचा की समोरची मुलगी हवेतच बॅट फिरवून स्वतःभोवती गोल फिरायची. सर खूश होऊन टाळी वाजवायचे. एकच.

त्या हाताचे लाड काय वर्णावेत! नखं सर स्वतः कापायचे. बर्फ घेऊन यायचे दुधाच्या किटलीतून. पाण्याची बादली तिने उचलायची नाही, फाटकाची कडी तिने काढायची नाही. होळीला तिने एक फुगा फेकला तर सरांनी आठवडाभर तोंड वाकडं केलं. फुगा माझ्या पाठीत बसला होता. "नेम मात्र बरोबर. स्ट्राइक होता," एवढं म्हणाले.

एकदा तिच्या घरी जाऊन आईलाच सांगून आले, हिच्याकडून कणीक मळून घ्यायची नाही.

"अगंबाई! मग काय तुम्ही येऊन तिंबणार?" आई म्हणाली.

"डावा हात रिकामाच आहे की तिचा," सर म्हणाले. चेष्टा नव्हती ती. चहा पिऊन निघून आले.

प्राचीला बॅटिंग करायची होती. दर चार दिवसांनी विचारायची. "सर, एक बार मारने दो ना."

"हात दुखावेल."

"सब मारती हैं, सर."

"सगळ्यांचा हात तुझ्यासारखा नाही." एवढं ऐकलं की बिचारी खूश व्हायची. तेवढ्यासाठी तर विचारत नसेल ना, असं मला वाटायचं.

कानपूरची एक टीम आली होती, त्यांच्या कोचबाई होत्या. आम्ही त्यांना धुतलं. मॅच संपल्यावर बाई सरांना म्हणाल्या, "सर जी, चौदह बरस की बच्ची है। अभी से आधी काहे कर दी?"

"आधी नहीं, मैडम, पक्की कर रहा हूँ."

परतताना सर मला म्हणाले, "यांच्या मुली सगळं करतात. बघितलंस ना कशा करतात?" मी हसले. मला हसायला काय जात होतं? प्राची बॅट धरायला लागली तर टीममध्ये माझं काय काम उरणार होतं?

आता हे सांगायलाच हवं. मंडलाच्या, म्हणजे आपल्याकडच्या विभागाच्या, स्पर्धेच्या महिनाभर आधी प्राचीने मला पाण्याच्या टाकीमागे गाठलं. "मुझे सिखा दे. किसी को पता नहीं चलेगा." मी हो म्हटलं. संध्याकाळी जाऊन सरांना सांगून टाकलं. सरांनी तिला काही विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि दोनशे चेंडू टाकायला लावले. मोजायला मला बसवलं. ती मोजून टाकत होती, मी मोजत होते. कुणी सांगितलं हे तिला कळलं असणारच. दुसऱ्या दिवशी माझ्याशी नेहमीसारखी बोलली.

मंडलाची फायनल झाशीतच होती. त्यातून राज्याच्या टीमची निवड. निवड झाली की लखनौला होस्टेल. प्राचीने इलाइट चौराह्यावरच्या एका दुकानात निळी ट्रंक बघून ठेवली होती, मला दोनदा नेऊन दाखवली होती. तिला दुसरं काही नको होतं, कपाळ माझं, खरंच नको होतं.

पाचव्या इनिंगमध्ये मी चेंडू मारला आणि पहिल्या बेसवर पोचले ती पाय मुरगाळूनच. घोटा भोपळ्याएवढा सुजला. आमची एकुलती एक राखीव मुलगी तापाने घरी पडलेली. शेवटच्या, सातव्या इनिंगमध्ये स्कोअर बरोबरीत, आमची मुलगी तिसऱ्या बेसवर, आणि बॅटिंगला पाळी माझी. म्हणजे प्राचीची.

सरांनी बॅट तिच्या हातात दिली. "फिरवायची नाही. बंट कर. नुसती आडवी धर, चेंडू आपोआप लागेल."

बंट करताना वरचा हात बॅटवर पुढे सरकवायचा आणि बॅट चिमटीत धरायची. बोटं मागच्या बाजूला. हे पहिल्या दिवशी शिकवतात. प्राचीला कुणी शिकवलं नव्हतं. तिने उजवा हात पुढे नेला आणि बॅट मुठीत गच्च आवळली, पोळपाटावरचं लाटणं धरावं तशी. चारही बोटं चेंडूच्या वाटेत.

मी बाकावर होते, तिच्यापासून दहा पावलांवर. मला दिसलं. "बोटं मागे!" एवढे दोनच शब्द ओरडायचे होते. पण खेळ थांबला असता, पिचर सावध झाली असती, तिसऱ्या बेसवरची मुलगी निघायच्या बेतात होती.

चेंडू सरळ बोटांवर आला. बॅट आणि चेंडू यांच्यामध्ये दोन बोटं चेचली गेली. चेंडू पुढ्यात पडला, आमची मुलगी तिसऱ्या बेसवरून धावत होम बेसवर पोचली, आम्ही उड्या मारल्या. होय, मीसुद्धा, एका पायावर. अंपायरने हात वर केले. चेंडू हाताला लागला, रन नाही, उलट स्ट्राइक, म्हणजे एक संधी वाया.

प्राची गुडघ्यांवर बसली होती. सर तिला ओलांडून अंपायरकडे गेले. चांगलं भांडले. मग परत आले, तिचा हात उलगडून बघितला आणि त्यात बॉल ठेवला. "पकड बघू."

बॉल खाली पडला. आम्ही ती मॅच हरलो.

सर हॉस्पिटलात एकदा आले. एक्स-रे उजेडाकडे धरून खूप वेळ बघत राहिले. पोरीकडे तेवढा वेळ बघितलं नाही. जाताना आईला म्हणाले, "आता मळू द्या कणीक." दुसऱ्या आठवड्यात सरांनी नवी पिचर उभी केली.

प्राची आता एका दवाखान्यात रजिस्टर सांभाळते. दोन बोटं मिटत नाहीत, पेन तिसऱ्या बोटावर पेलते. मी शाळेत खेळ शिकवते. माझ्या पिचर बॅटिंग करतात. काही धड करतात, काही वाईट. पण पहिल्या दिवशी मी सगळ्यांना पकड शिकवते, एकेकीची बोटं हाताने मागे घेऊन.

सर रिटायर झाले, तेव्हा निरोप द्यायला मी क्वार्टरवर गेले होते. सामान गेलं होतं. ते पायरीवर बसून गाडीची वाट बघत होते. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारून टाकलं.

"सर, तिची पकड तुम्हाला दिसली होती ना?"

"दिसली होती."

"मग?"

"वाटलं, एका चेंडूपुरतं निभावेल." त्यांनी हाताचे पंजे गुडघ्यांवर पसरले. म्हातारे झाले होते फार. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचा रागही आला. मग त्यांनी मान वर केली. "आणि तुला? तू तर माझ्याहून जवळ बसली होतीस."

"मला नाही दिसली, सर."

"बरं," ते म्हणाले. गाडी आली. मी बॅग उचलायला गेले, तर त्यांनी स्वतःच उचलली.

गेल्या वर्षी सर जळगावला वारले. हे मला विचारणारं आता दुसरं कुणी नाही. प्राची रोज संध्याकाळी माझ्या मैदानाच्या कडेने घरी जाते, कधी थांबून पाणी पिते, मुलींचा खेळ बघते. तिने कधीच विचारलं नाही.