विकतचं विमान आणि त्यातलं कुत्रं

घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा मला नाद आहे. जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानात बसणाऱ्या माणसाला हे कबूल करायला छाती लागते. गिऱ्हाईक नसलं की मी दारात उभा राहून ढग बघतो, असं बायको सगळ्यांना सांगते. हे साफ खोटं आहे. गिऱ्हाईक असतानाही बघतो.

खेळाबरोबर डझनभर विमानं फुकट येतात. तरी एक विमान वेगळे पैसे देऊन घ्यायचं माझ्या मनाने घेतलं होतं. दिसायला तसलंच एक फुकटातही होतं, पण त्यातली निम्मी बटणं नुसती रंगवलेली, दाबा की नका दाबू. विकतच्यात म्हणे प्रत्येक बटण चालतं आणि प्रत्येक आवाज खऱ्या विमानातून टिपलेला. महिनाभर मी स्वतःशीच घासाघीस केली. बायकोने एका वाक्यात निकाल लावला, "अहो, एवढ्या खर्चात खरंखुरं तिकीट येतं." ते झोंबलं, कारण खऱ्या विमानात मी एकदाही बसलो नव्हतो. खेळातल्या दोस्तांना हे आजही माहीत नाही.

घरात तेव्हा तिकिटाचाच घोर होता. धाकटी बहीण बंगळुरूला, पहिलं बाळंतपण. आमच्यात पहिलटकरीण माहेरी येते, पण डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून बजावलेलं. तेव्हा माहेरालाच तिकडं जाणं भाग होतं, आणि माहेर म्हणजे आमची माय. तिचे गुडघे असे की एवढा लांबचा रेल्वेप्रवास झेपणार नाही, आणि विमानाचं नाव काढलं की ती हात जोडायची. "पायाखाली भुई नसली की माझा जीव ऱ्हात न्हाई रे बाबा." बहीण रोज फोनवर विचारायची, माय येणार ना? माय फोन माझ्या हातात द्यायची.

अशात मी ते विमान घेतलं. मायसाठी घेतलं, असं मी हल्ली सांगतो. तेव्हा तसं काही मनात नव्हतं, माझी हौस होती. चूक एवढीच झाली की जेवताना बोलून गेलो, "माय, विमान घेतलं."

माय घनसावंगीकडची, शेतातली. तिच्या माहेरी नवी सायकल असो की ट्रॅक्टर, पूजा झाल्याशिवाय जागचं हलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर लावला तर ही ताट घेऊन हजर.

"चाकं कुठंयत रे ह्याची?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. तिने बराबर त्याच्या खाली टेबलावर दोन लिंबं ठेवली, विमान वळवायच्या दांडीला हळदीकुंकू लावलं आणि नारळ उचलला. बायको धावत आली म्हणून तो अंगणात फुटला. "आता चालव," माय म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

इंजिन सुरू झालं आणि खालून आवाज आला, भुक् भुक् भुक्. मायने पलंगाखाली वाकून पाहिलं.

"कुत्रं शिरलं का घरात?"

"कुत्रं न्हाई, पंप आहे. एका बाजूच्या तेलाचा दाब कमी पडला की दुसरीकडून पुरवतो."

विहिरीवरच्या मोटारीचा बिघाड जी बांधावरून आवाजावर ओळखायची, तिला एवढं पुरलं. "मंग भुंकू दे. राखण करून राह्यलं ते."

तेव्हापासून लसूण सोलायला ती माझ्याच खोलीत बसायला लागली. पंधरा दिवसांत सगळे आवाज तिच्या कानात बसले. चाकं आत जातानाचा धक्का, उतरायच्या आधी पंखांतून पट्ट्या बाहेर निघतानाची करकर. एकदा जमीन जवळ आली आणि ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, चाकं काढली न्हाईस!" खरंच नव्हती काढली. विमानाने सावध करायच्या आधी मायने केलं. त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला, तो तिने माझ्याकडे दिला नाही. "येते गं," म्हणाली.

संभाजीनगरहून आम्ही दोघं विमानाने निघालो, विमान नेमकं माझ्या विकतच्याच जातीचं. लिंबं पिशवीत होतीच, पण चाकांजवळ कुणी जाऊ देईना, म्हणून तिने ती मांडीवर घेतली. दार बंद झालं. इंजिन सुरू झालं आणि पायाखालून आवाज आला, भुक् भुक् भुक्.

मला तो पंप ठाऊक होता, त्याचं बटणही ठाऊक होतं. पण घरी फरशी हलत नाही. इथे सगळं हादरलं आणि माझं शहाणपण जागच्या जागी गळालं. मी खुर्चीचा हात गच्च धरला, डोळे मिटले. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

माझ्या हातावर मायचा हात आला, लसणाच्या वासाचा.

"भिऊ नको बाबा," ती म्हणाली. "आपलंच कुत्रं हाय ते."

पाच दिवसांनी भाची झाली, तेव्हा माय बहिणीच्या उशाशी होती. विकतचं विमान घ्यावं का, असं कुणी विचारलं तर मी घ्या म्हणतो. बटणांचं काही सांगत नाही.