एकशे त्रेचाळीस पायऱ्या

फोरम बंद करतेय असं तिने सोमवारी जाहीर केलं आणि मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत उघडून बघितलं, तर चारशेच्या वर प्रतिसाद येऊन पडले होते. सात-सात वर्षं ज्यांनी तोंड दाखवलं नव्हतं असे लोक उगवले होते. कुणी लिहिलं होतं, ‘आमचं बालपण असं पुसू नका.’ कुणी लिहिलं होतं, ‘तुम्हाला हा अधिकार दिला कुणी?’ एकाने नुसत्याच रडक्या चेहऱ्यांची रांग लावली होती.

“मेल्यावर बरे जमतात सगळे!” ती मोठ्याने म्हणाली.

शेजारच्या टेबलावर तिची सहकारी एका कवळीला पॉलिश करत होती. तिने दचकून मशीन बंद केलं. “कोण गेलं?”

“कुणी नाही गं. चालू दे तुझं.”

ती कवळ्या बनवायची. सव्वीस वर्षं हेच काम. दवाखान्यातून जबड्याचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात असा बसवायचा की माणूस हसला तर कुणाला शंका येऊ नये. हात हलका आणि नजर बारीक लागते. तिच्याकडे दोन्ही होतं. संयम मात्र सगळा दातांवरच खर्च व्हायचा, माणसांसाठी फारसा उरायचा नाही, असं तिचा नवरा म्हणायचा. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळे संयमाच्या बाबतीत त्याचा शब्द घरात शेवटचा होता.

थीम पार्कचं वेड तिला मोठ्या भावाने लावलं. ती नऊ वर्षांची असताना दादाने तिला टेकडीवरच्या पार्कमधल्या लाकडी रोलर कोस्टरवर बसवलं, तेही शेवटच्या डब्यात. पुढचे डबे उतार उतरतात आणि मागचा डबा अक्षरशः ओढून फेकला जातो. दादा उतरल्या उतरल्या कोपऱ्यात जाऊन ओकला. ही पुन्हा रांगेत उभी राहिली.

एकोणीस वर्षांपूर्वी त्याच रांगेत तिला आणखी एक वेडा भेटला. दोघांनी मिळून अशा वेड्यांसाठी इंटरनेटवर गप्पांचा फोरम काढला आणि त्याला नाव दिलं ‘पाळणाघर’. विनोद त्या वेळी फार भारी वाटला होता. पुढे वर्षानुवर्षं आया विचारत राहिल्या, दीड वर्षाच्या मुलाला घेता का आणि शनिवारी चालू असतं का. फोरमवर तिचं नाव ‘शेवटचा डबा’. लोकांनी त्याचं ‘डबाताई’ करून टाकलं. त्या सहसंस्थापकाचं नाव ‘स्क्रू’. तांत्रिक बाजू त्याची, माणसं सांभाळायची ती हिने, अशी वाटणी होती. सहा वर्षांनी स्क्रूचं लग्न झालं, मग जुळ्या मुली झाल्या, आणि तांत्रिक बाजूही हळूच हिच्या गळ्यात आली.

लाकडी कोस्टरला सगळे ‘म्हातारी’ म्हणायचे. एकदा ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, “म्हातारीचे खिळे ढिले झालेत, नुसती कुरकुर करते, पाडून टाकतील बहुतेक.” सासूबाई दारात उभ्या होत्या. ते प्रकरण निस्तरायला नवऱ्याला आठवडा लागला. पण नंतर सासूबाईंनाच त्यात रस आला. “आज कशी आहे तुझी ती?” म्हणून रोज विचारायच्या.

चांगल्या दिवसांत पाळणाघरात रोज दोनशे माणसं लिहायची. मग लोक फोनवरच्या गटांत गेले, मग छोटे व्हिडिओ आले. गेली दोन वर्षं खरे लिहिणारे उरले होते आठ, आणि त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. बाकी टक्कल घालवायच्या औषधाच्या जाहिराती. त्या पुसण्यात रोज सकाळी तिचा पाऊण तास जायचा. नवीन माणूस म्हणून येत नव्हता. आणि आता फोरम ज्या कंपनीच्या यंत्रावर चालायचा तिचं पत्र आलं होतं की तुमचं सॉफ्टवेअर फार जुनं झालंय, महिनाअखेरीनंतर चालणार नाही. तिने मदत मागितली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी एकच प्रतिसाद आला, वर केलेला अंगठा.

“अंगठा!” ती घरी म्हणाली. “मी विचारते, हे काम कोण करेल, आणि हा माणूस मला अंगठा दाखवतो!”

“मग बंद कर ना,” सासूबाई म्हणाल्या. “सहा महिने ऐकतेय, करते, करते.”

म्हणून तिने केलं.

बुधवारी लॅबमध्ये फोन वाजला. अनोळखी आवाज, पाठीमागे लोखंडावर लोखंड आपटल्याचा खणखणाट.

“डबाताई का? मी टेकडीवरच्या पार्कातून बोलतोय. म्हातारीवर फिटर आहे मी.”

ती खुर्चीत सरळ बसली. या पार्कला तिने आजवर किती पत्रं लिहिली असतील. म्हातारीची माहिती द्या, आम्ही छापतो. फोटो काढू द्या. एकाही पत्राला उत्तर नव्हतं.

“तुम्ही ते बंद करताय म्हणे. असं नका करू, ताई. आम्ही काम कशावर करायचं?”

“म्हणजे?”

मग फिटरने सांगितलं ते असं. पार्कचं ऑफिस एका इमारतीतून दुसरीकडे हलवताना म्हातारीच्या देखभालीचं मूळ पुस्तक गहाळ झालं. पण फोरमवर ‘म्हातारीची दुखणी’ नावाचा चर्चेचा एक धागा होता. पार्कातूनच निवृत्त झालेल्या एका वृद्ध फिटरने तो लिहिला होता. फोरमवर त्यांना गिअरकाका म्हणत. कुठल्या वळणावर कुठलं चाक घासतं, ओल आली की कुठले बोल्ट सैल पडतात, सगळं पेन्सिलच्या चित्रांसकट, चारशे बारा प्रतिसादांत. तीन वर्षांपूर्वी काका गेले. धागा राहिला.

“रोज सकाळी फोनवर तो उघडायचा, बघायचं, मग वर चढायचं,” फिटर म्हणाला. “मला लागून नऊ वर्षं झाली. पहिल्यापासून असंच.”

“नऊ वर्षं!” तिचा आवाज चढला. “नऊ वर्षं तुम्ही वाचताय? आणि एक ओळ लिहावीशी वाटली नाही? ते म्हातारे बिचारे विचारून विचारून गेले, हे कुणाच्या उपयोगी पडतंय का म्हणून! एक ‘धन्यवाद’ लिहायला काय झालं होतं तुम्हाला?”

पलीकडे खणखणाट थांबला.

“लिहिणार होतो की. पण तुम्ही आत घेत नाही. खातं उघडायला गेलं की विचारता, म्हातारीच्या चढणीला बाजूने किती पायऱ्या आहेत. मी लिहिलं, एकशे त्रेचाळीस. चूक, म्हणे. रोज चढतो मी, ताई. दुसऱ्या दिवशी परत मोजल्या. एकशे त्रेचाळीसच.”

“एकशे एक्केचाळीस आहेत.”

“होत्या. मी लागलो त्याच वर्षी खालचा जुना चौथरा काढला, तेव्हा दोन वाढल्या.”

तिने फोन ठेवला. हातातलं मेण गार होऊन पडलं होतं. जाहिरातवाले आत घुसू नयेत म्हणून तो प्रश्न ठेवला होता. खरा वेडा असेल तर त्याला माहीत असेल, नाहीतर मोजून येईल, अशी त्यामागची कल्पना. मोजून येणाऱ्यालाच बाहेर काढणारा प्रश्न होता तो. जाहिरातींची यंत्रं मात्र एकापासून आकडे टाकत टाकत बरोबर आत शिरत होती.

फोरमच्या मागच्या बाजूला खातं उघडण्याच्या फसलेल्या प्रयत्नांची एक यादी असते. ती तिने कधी उघडली नव्हती. आता उघडली. जाहिरातींची खोटी नावं वगळून ती खाली जात राहिली. एकशे त्रेचाळीस. एकशे त्रेचाळीस. पुन्हा एकशे त्रेचाळीस. नऊ वर्षांत एकोणीसशे माणसांनी तोच आकडा लिहिला होता. काहींनी दोनदा, काहींनी पाच-पाचदा. एकाने रागाने अक्षरांत लिहिलं होतं, ‘एकशे त्रेचाळीस, स्वतः मोजल्यात.’

एकोणीसशे माणसं प्रत्यक्ष तिथे गेली, मान वर करून पायऱ्या मोजल्या, घरी येऊन दार ठोठावलं. आणि ती आत बसून कुरकुरत होती की आताशा कुणी येत नाही.

तिने स्क्रूला फोन लावला. तो आता लोकांच्या स्वयंपाकघरात कपाटं बसवून द्यायचा.

“अगं, तो प्रश्न अजून आहे?” तो म्हणाला. “तो तर मी तात्पुरता टाकला होता! चार दिवसांसाठी.”

“तात्पुरता!”

“तू बदलायचास ना मग.”

“मला कुणी सांगितलं होतं की बदलायचा असतो?”

“मला वाटलं, तुला माहीत असेल.”

तिने फोन बंद केला आणि पुढचे दोन दात वाकडे बसवले, मग काढून पुन्हा बसवले.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याला वाटलं, ही रडेल. ती रडली नाही, चिडली. स्क्रूवर, पार्कवर, त्या एकोणीसशे जणांवरसुद्धा. “एकालाही वाटू नये का, की बाईला पत्र टाकून विचारावं? संपर्काचं पान उघडंच होतं की!”

“तू एकदा तरी त्या पायऱ्या पुन्हा मोजल्यास का?” नवऱ्याने शांतपणे विचारलं. नवख्या ड्रायव्हरला ‘आरसा बघितलास का’ असं विचारायचा तोच आवाज.

ती उठून आतल्या खोलीत गेली. सासूबाई मुलाला म्हणाल्या, “तुला कधी काय बोलावं ते कळतच नाही.”

प्रश्न बदलून फोरम चालू ठेवावा, असं दोन दिवस तिच्या मनात येत राहिलं. पण यंत्र बंद पडायला आठवडा उरला होता. ते नव्याने उभं करू शकणारी माणसं असलीच तर त्या यादीत होती, आणि यादीत पत्ते नव्हते, नुसती टोपणनावं आणि आकडे.

निदान म्हातारीचा धागा तरी वाचवावा म्हणून तिने चारशे बारा प्रतिसाद चित्रांसकट छापून घेतले. दोन जाड फायली झाल्या. शनिवारी ती त्या घेऊन टेकडीवर गेली.

“तिकीट?” गेटवरची मुलगी म्हणाली.

“मी आत फिरायला नाही आले. तुमच्या फिटरला हे द्यायचंय.”

“आत जायला तिकीट लागतं, काकू.”

“तुमचा पाळणा नऊ वर्षं माझ्या फोरमवर चाललाय!”

मुलीने तिच्याकडे काळजीने बघितलं आणि विचारलं, “तुमच्याबरोबर कुणी आहे का?”

तिने तत्त्वाचा प्रश्न केला आणि तिकीट काढलं नाही. फिटरला फोन केला. तो मागच्या कुंपणापाशी आला. पन्नाशीचा, रुंद, हाताला ग्रीस. तिने फायली गजांवरून पलीकडे दिल्या. त्याने आधी हात पँटला पुसले, मग घेतल्या, आणि पहिलंच पान उघडून बराच वेळ बघत राहिला.

“चित्रं मोठी छान आलीत. फोनवर नीट दिसायची नाहीत.”

“मला एकदा वर येऊन पायऱ्या बघू द्याल?”

तो ओशाळला. “बाहेरच्या माणसाला परवानगी नाही, ताई. राइडवर बसवलं असतं, पण आज बंद आहे. चाकं बदलतोय.”

“आजच?”

“आजच. पण इथून दिसतात बघा. त्या खालच्या दोन, फिक्या. लाकूड वेगळं आहे.”

तिने कुंपणाला तोंड लावून बघितलं. दिसत होत्या. खालच्या दोन पायऱ्या बाकीच्यांपेक्षा उजळ होत्या, कुणालाही लांबून कळतील अशा. गेल्या नऊ वर्षांत ती तीसेक वेळा तरी इथे येऊन गेली होती. दर वेळी तिची नजर वर, शिखराकडे असायची.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने फोरमवर अखेरचं निवेदन टाकलं. पहिला मसुदा दीड पानी आणि कडू होता. तो पुसून तिने चार ओळी लिहिल्या. त्यात गिअरकाकांचं काम आजही वापरात आहे हे सांगितलं. आणि लिहिलं, ‘नऊ वर्षं ज्यांनी एकशे त्रेचाळीस लिहिलं, त्यांचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी.’ हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना कळणार नाही, हे तिला माहीत होतं. खाली लगेच कुणीतरी विचारलंच, ‘एकशे त्रेचाळीस काय?’ दुसऱ्याने अंगठा टाकला. तिने बटण दाबलं. पान पांढरं झालं.

तीन आठवड्यांनी, ती एका बाईंच्या जबड्याच्या ठशात प्लास्टर ओतत असताना फिटरचा फोन आला.

“ताई, दुसऱ्या वळणाच्या पानावर काकांनी लिहिलंय, ‘फट खालून मोजावी’. खालून म्हणजे कुठून?”

“रुळाच्या खालच्या फळीपासून. मीच त्यांना विचारलं होतं, पुढच्या पानावर आहे बघा. आधी नीट वाचत जा, मग फोन करत जा.”

“बरं. आणि चौथ्या खांबाचं—”

“थांबा. तुमच्याकडे पेन आहे? मी सांगते ते त्या पानावर लिहा. तुमच्या अक्षरात, खाली तारीख घाला. पुढच्याने मला फोन करायला नको.”

तो लिहीत होता तसतशी ती सांगत गेली. चौथा खांब झाला, पाचवा झाला, मग त्याला ब्रेकच्या पट्ट्यांचं आठवलं. बोलणं संपलं तेव्हा वाटीतलं उरलेलं प्लास्टर दगड झालं होतं आणि ठसा अर्धाच भरला होता. तिने एक शिवी हासडली, वाया गेलेला ठसा फेकून दिला आणि दवाखान्यात फोन करून सांगितलं की त्या बाईंना पुन्हा ठसा द्यायला यावं लागेल.