सही न करणारा माणूस

“उघडून दाखवा,” असं म्हणून आमचे कॉम्प्युटर सांभाळणारे ते गृहस्थ पेनाचं टोपण टेबलावर दोनदा आपटायचे आणि वाट बघायचे. पेन मात्र उघडायचे नाहीत. बारामतीच्या आमच्या कॉलेजातून निवृत्त झालेला आणि हे वाक्य न ऐकलेला माणूस तुम्हाला सापडणार नाही.

मुलांनो, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं, तरी सांगते. आमच्या टेबलांवरचे कॉम्प्युटर नुसते नावाचे होते. खरा कारभार मागच्या गार खोलीतल्या सर्व्हरवर चाले. संध्याकाळी बंद केलं की दुसऱ्या दिवशी सगळं नव्यासारखं कोरं. आपलं जे काही असेल ते एका वेगळ्या डिस्कवर राही. ग्रंथालयात बसा नाहीतर स्टाफरूममध्ये, आपलं नाव टाकलं की आपली डिस्क तिथे येऊन जोडली जाई. माणूस नोकरीतून गेला की ती सोडवायची आणि महिन्याभराने पुसून टाकायची. ही सगळी राखण त्यांच्याकडे. सणसरहून मोटारसायकलवर येत, गाडीला घरच्या दुधाची किटली अडकवलेली. आधी डेअरीवर दूध घालायचं, मग आमच्या डिस्का.

एकदा प्राचार्यांनी सुचवलं, की गेलेल्यांच्या डिस्का सरसकट पुसा, तेवढीच जागा होईल. यांनी मान डोलावली आणि एकेकाला फोन लावत बसले. निमगाव केतकीचे एक निवृत्त शिपाई म्हणाले, त्यात माझं काही नाही. तरी हे रविवारी लॅपटॉप घेऊन त्यांच्या दारात हजर. निघालं काय, तर थोरलीच्या लग्नाच्या आमंत्रितांची यादी, गाववार लावलेली. आणि धाकटीचं लग्न अगदी तोंडावर आलेलं. शिपायांच्या बायकोने त्यांना जेवल्याशिवाय हलू दिलं नाही म्हणे.

मला मात्र हा सगळा फाजील उत्साह वाटायचा. माझी शिस्त तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या आजोबांनी शेवटच्या हिवाळ्यात त्यांच्या गोष्टी सांगितल्या. ते गुरांचे डॉक्टर, इंदापूर तालुक्यात सायकलवर हिंडलेले. संध्याकाळी ते बोलायचे, मी वहीत खरडायचे, आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला कॉलेजात टाइप करायचे. टाइप झालेल्या वह्या रद्दीत घातल्या. घरात पसारा मला खपत नाही. आजोबा गेले, पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले.

शेवटच्या दिवशी ‘काही येणं नाही’ असं लिहिलेल्या कागदावर मी सगळ्या विभागांच्या सह्या दुपारपर्यंत गोळा केल्या. राहिले हे. गोष्टी पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत, डिस्क खुशाल पुसा, असं मी सांगितलं. त्यांनी पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

“उघडून दाखवा.”

तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे, एवढं मला येतं, असं मी जरा चढ्या आवाजात म्हटलं. “व्हय, म्याडम,” म्हणाले आणि बसून राहिले.

मी पहिली गोष्ट उघडायला गेले. फाइल सापडत नाही, असं आलं. दुसरी, तिसरी, तेच. वह्या केव्हाच लगद्याला गेल्या होत्या.

त्यांनी वाकून पाहिलं. “म्याडम, ह्या नुसत्या पाट्या हायत. घरं तितंच राहिली, तुमच्या डिस्कवर.” मी पडद्यावरची चिन्हं तेवढी उचलून आणली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “अन् पाटीवर इंग्रजीतच लिवलंय की, शॉर्टकट.”

माझ्या डिस्कवरून खऱ्या फाइली त्यांनी स्वतः उतरवून दिल्या. एकूणएक मला उघडायला लावली. सायकल ओढ्यात गेली ती गोष्ट उघडली तेव्हा मी वाचतच राहिले. मान वर केली तर ते खोलीत नव्हते. बाहेर व्हरांड्यात पाठ करून उभे होते, उगाच मोबाइल बघत. मी हाक मारेपर्यंत आत आले नाहीत. आल्यावर पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.

पुढे कॉलेजने ते काम बाहेरच्या कंपनीला दिलं आणि हे घरच्या उसाला आणि गाईंना लागले. तुम्हाला पाठवलेल्या आजोबांच्या गोष्टींच्या पुस्तकाची एक प्रत घेऊन मागच्या महिन्यात मी सणसरला गेले. ते घरी नव्हते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “बांधावर असतील. कॉलेजातनं अजून फोन येत्यात, ह्ये तासतास सांगत बसत्यात.” दुरून दिसले खरे, उसाच्या कडेला बसलेले, कानाला फोन, दुसऱ्या हाताने हवेत काहीतरी समजावणारे. मी हाक मारली नाही.

बाईंनी हात पदराला पुसून पुस्तक घेतलं, चार पानं उलटली आणि विचारलं, “ह्यात आमच्या ह्यांचं कुठं हाय?”

कुठेच नव्हतं. घरी आले आणि हे लिहायला बसले.