कोपऱ्यातलं सोनेरी नाव

भोरात लग्नाचे व्हिडिओ जोडून देणारे एक काका आहेत. टेबलफॅन ते कॉम्प्युटरकडे तोंड करून लावतात. घाम आपण पुसत बसायचं. "डोकं त्याला चालवायचंय, तुमी नुसतं बसा," म्हणतात.

माझ्या बहिणीचं लग्न स्क्रीनवर अडखळत चाललं होतं. मामांचा हात वर गेला, पण अक्षता काही पडेनात. काकांनी उडती फुलं काढली, लाल बदाम काढले, तरी तेच. शेवटी कोपऱ्यात गरगर फिरणारं स्वतःचं सोनेरी नाव काढलं, आणि अक्षता भराभर पडल्या.

"हेच लई जड व्हतं," काका गालात हसले. "फुलं, बदाम परत टाकतो. लगीन तुमचं हाय."

व्हिडिओ हातात आला तो त्यांच्या नावाशिवायच. मग मी तरी ते इथं कशाला घालू?