पंच्याण्णवच्या वर चार

गोळ्यांच्या कारखान्यात उकळत्या पाकाचा अंदाज घ्यायला एक थर्मामीटर होता आणि एक डिग्रीबाई होत्या. दोघांत मतभेद झाला, तर दुरुस्तीला थर्मामीटर जात असे. मोठ्या कढईतला पाक रटरटू लागला की बाई पळीने त्याचे दोन थेंब थंड पाण्याच्या वाटीत सोडत, ते अंगठा आणि तर्जनीत धरून मोडत, आणि मोडण्याचा आवाज ऐकून सांगत, "अजून चार. आत्ता उतरवलात तर गोळी दाताला चिकटेल." चार डिग्री चढल्यावर तोच पाक काचेसारखा टक्कन मोडे. त्यांनी कॉलेजची पायरी कधी चढली नव्हती, तरी कारखान्यात त्यांना सगळे डिग्रीबाईच म्हणत, आणि पंधरा वर्षांच्या कामानंतर ते नाव त्यांना सोन्याच्या बिल्ल्यासारखे वाटे.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, थोरली लेक नऊ वर्षांची असताना, त्यांना पुन्हा दिवस राहिले. सहाव्या महिन्यात दवाखान्यात साखरेचे पाणी पाजून रक्त तपासले. बाईंनी पेला रिकामा करून, "नुसतं गोड आहे, चव म्हणून काही नाही," असा धंदेवाईक शेरा मारला. दोन तासांनी निकाल आला. गरोदरपणातली साखर वाढलेली होती.

"पहिल्या खेपेलाही होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"होती थोडी. बाळंत झाले आणि गेली."

"गेली की तपासून बघितली?"

तपासली नव्हती. दीड महिन्याने परत तपासायला सांगितले होते खरे. पण कडेवर तान्ही, कामावर रुजू व्हायची घाई, आणि सगळे म्हणत होते की बाळ झाले म्हणजे प्रश्न मिटला.

ती लेक जन्मली तेव्हा सव्वाचार किलोंची होती. साऱ्या घराने तिचे गाल कौतुकाने चिमटले. पहिल्याच तासात तिच्या रक्तातली साखर घसरली, ती थरथरू लागली आणि दोन दिवस काचपेटीत राहिली, ही गोष्ट मात्र कौतुकाच्या गडबडीत मागे पडली. आता शाळेच्या तपासणीत तिचे वजन आणि कमरेचे माप वयाच्या मानाने जास्त भरले होते, आणि साखर अगदी काठावर होती.

बाईंनी सरळ विचारले, "मॅडम, हे माझ्यामुळे झालं का?"

"एकट्या तुमच्यामुळे काहीच होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटात साखर जास्त पोचली की बाळ जास्त इन्सुलिन बनवायला लागतं, अंगावर चरबी धरतं. पुढे वजन आणि साखर वाढायचा धोका त्यामुळे थोडा चढतो. थोडा. त्यात खाणं आहे, खेळणं आहे, घराण्याचं रक्त आहे. लेकीसाठी अजून पुष्कळ करता येईल. आणि या बाळासाठी तर आजपासूनच."

बाईंना 'आजपासून' हा शब्द पटला. त्यांनी बोट टोचायचे छोटे यंत्र घेतले, एक वही घेतली, आणि दिवसातून चारदा रक्त तपासायचे काम पाक पाहावा त्या शिस्तीने सुरू केले. सकाळी उपाशीपोटी पंच्याण्णवच्या आत, आणि प्रत्येक जेवणानंतर दोन तासांनी एकशे वीसच्या आत, एवढे ध्येय होते.

घरचे आकडे बरे येत. रात्रीच्या जेवणानंतर एकशे बारा, एकशे पंधरा. सकाळी मात्र कधी अठ्ठ्याण्णव, कधी शंभर. पण कारखान्यात दुपारी मोजले की यंत्र बेभान होई. एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे नव्वद. एकदा तर दोनशे चार.

"ताई, तुमच्या रक्ताला पण पाक चढला," गोळ्यांना कागद गुंडाळणारी म्हणाली.

"तू तुझे कागद सांभाळ. काल निम्म्या गोळ्या उघड्याच गेल्या."

हसून झाले, पण बाईंनी ते आकडे मनावर घेतले. त्यांनी डब्यातले जेवण निम्मे केले. आकडा हलला नाही. मग त्याचेही निम्मे केले. दुपारी हातपाय गळत, डोळ्यांपुढे अंधारी येई, आणि दोन तासांनी यंत्र पुन्हा एकशे ऐंशी दाखवी. माघार घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पाक ऐकत नसेल तर आच कमी करायची, एवढे त्यांना ठाऊक होते. इथे त्यांनी आच इतकी कमी केली, की पुढच्या तपासणीत त्यांचे स्वतःचे वजन महिन्याभरात दोन किलोंनी उतरलेले भरले.

वजनाच्या काट्याशी उभ्या असलेल्या सिस्टर अनुभवी होत्या. वही चाळताना त्यांचे बोट दुपारच्या रकान्यावर थांबले.

"एवढंसं खाऊन एवढी साखर? हे मोजता कुठे?"

"कारखान्यात. जेवायच्या खोलीत."

"हात धुता?"

"स्पिरिटच्या बोळ्याने पुसते. आणि टोचते डाव्या हाताचं बोट. पाकाला लागतो तो उजवा. माझा डावा हात कधी पाकाला लागत नाही," बाई ठासून म्हणाल्या. त्या थेट कामावरून आल्या होत्या, केसांवरचे जाळीचे टोपडेही काढायचे राहिले होते.

सिस्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी बाईंचे डावे बोट होते तसे बोळ्याने पुसले, टोचले आणि मोजले. एकशे शहाऐंशी. मग त्यांना नळाशी नेले, साबणाने दोन्ही हात मनगटापर्यंत धुवायला लावले, कोरडे करायला लावले, आणि शेजारचे बोट टोचले. एकशे आठ.

बाई यंत्राकडे पाहत राहिल्या. त्या जिथे जेवत, त्याच्या भिंतीपलीकडेच तयार गोळ्या पिठीसाखरेत घोळवत. तिथल्या दारांच्या कड्या, बाकडी, नळाच्या चाव्या, सगळ्यावर ती न दिसणारी साखर बसलेली असे. जिभेने पंधरा प्रकारच्या गोळ्या ओळखणाऱ्या या बाईंना आपल्या अंगावरचीच साखर जाणवत नव्हती. ती त्यांना कातडीइतकी सवयीची झाली होती.

"पाण्याने, साबणाने धुवायचं. नुसत्या पुसण्याने साखर जात नाही," सिस्टर म्हणाल्या. "आणि आजपासून पोटभर जेवायचं. उपाशी ठेवून बाळाचं भलं होत नाही."

लेक शाळा सुटल्यावर तिथेच आली होती. ती म्हणाली, "आईचे हात गोडच असतात. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांचे असतात."

त्या संध्याकाळी घरात सणासारखा आनंद झाला. सासूबाईंनी निकालच देऊन टाकला, "बघ! मी म्हणत नव्हते? रोगबिग काही नाही, सगळं हाताचं होतं. आता टाक ती सुई फेकून. रोज स्वतःला भोसकून घेते बिचारी."

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचे काम करी आणि एरवी कुणाच्या वादात पडत नसे. तोही म्हणाला, "मला तरी वाटतं, आता थोडं सैल सोडायला हरकत नाही."

आठवडाभर बाईंनी साबण लावून हात धुतले, पोटभर जेवल्या, आणि चारही वेळा मोजले. दुपारचे आकडे शहाण्यासारखे खाली बसले. सकाळचे मात्र जागचे हलले नाहीत. सत्त्याण्णव, शंभर, नव्व्याण्णव, एकशे एक. घरी, धुतल्या हातांनी, उपाशीपोटी.

रविवारी चहाच्या वेळी त्यांनी वही सगळ्यांपुढे ठेवली. "दुपारचं खोटं होतं, ते गेलं. सकाळचं खरं आहे. मी उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन इन्सुलिनचं विचारणार आहे."

"अगं, पंच्याण्णवच्या वर चार!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "चार म्हणजे काय? आमच्या वेळी कुणी चारशे झाली तरी विचारलं नसतं."

"तुमच्या वेळी यंत्र नव्हतं, आई. माझ्या पहिल्या वेळी होतं, तरी मी विचारलं नाही." बाईंचा आवाज चढला नाही. "आणि चार म्हणजे काय, हे तुम्ही मला विचारता? चार डिग्रीत माझी शंभर किलोंची कढई वाया जाते. एक दिवस चार वर गेलं तर मी सोडून दिलं असतं. रोज चार वर म्हणजे आच चुकली आहे."

नवऱ्याने चष्मा काढून पुसला, आणि वही हातात घेऊन सगळी पाने पाहिली. "आमच्याकडे काच एक अंशाने तिरकी बसली तर माणसाचं डोकं दुखतं," तो हळूच म्हणाला. "उद्या मी येतो बरोबर."

"झालं. हाही गेला तिच्या पक्षात," सासूबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी इन्सुलिन ठेवायला फ्रीजमध्ये जागा त्यांनीच करून दिली, आणि तिथे कुणी बाटली ठेवली तर घरात महाभारत होऊ लागले.

रोज झोपण्याआधी एक छोटी सुई. डॉक्टरीणबाईंनी डोस दोनदा जरासा वाढवला, आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळचा आकडा नव्वदवर येऊन टेकला. त्याच्या जोडीला बाईंनी लेकीला बरोबर घेऊन संध्याकाळी अर्धा तास चालणे सुरू केले. आधी लेक कुरकुरली, मग पुढे धावू लागली, आणि बाईच मागून "अगं, पोटातल्याचा तरी विचार कर!" म्हणून ओरडू लागल्या.

बाळ भरल्या दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास झाले. मुलगा, तीन किलो शंभर ग्रॅम. सासूबाईंना तो किंचित बारीक वाटला, पण त्या बोलल्या नाहीत, आणि हे त्यांच्या आयुष्यातले एक मोठे मौन होते. बाईंचे लक्ष वजनाकडे नव्हतेच. त्यांनी बाळाला लगेच छातीशी घेऊन पाजले, आणि सिस्टर टाच टोचायला आल्या तेव्हा स्वतः ते इवलेसे पाऊल धरून ठेवले. यंत्र पाच सेकंद विचार करत राहिले.

"अठ्ठावन्न. छान आहे," सिस्टर म्हणाल्या. "आणखी दोन-तीनदा बघू, पण काचपेटी लागेल असं दिसत नाही."

दुपारी दुसऱ्यांदा टोचले तेव्हा बासष्ट आली. लेक पलंगाच्या कडेला बसून सारे पाहत होती.

"माझी पण अशी टोचली होती?"

"हो. तुझी साखर कमी आली होती. तेव्हा मला नीट माहीत नव्हतं." बाईंनी तिला जवळ ओढले. त्या काही लपवत नव्हत्या, आणि रडतही नव्हत्या. "आता माहीत आहे. दीड महिन्याने मी माझं रक्त परत तपासणार, आणि पुढेही तपासत राहणार. तुझं दरवर्षी. हा मोठा झाला की त्याचंही."

"मग बाबांना कशाला सोडायचं? पोट बघ त्यांचं."

दारात उभ्या असलेल्या नवऱ्याने श्वास आत ओढून पोट सपाट करायचा प्रयत्न केला. तो फार वेळ जमला नाही.

"त्यांचंही तपासू," डिग्रीबाई म्हणाल्या. "वहीत अजून पुष्कळ पानं कोरी आहेत."