वन्समोर

शोकसभेत वन्समोर देणारा सुरतेतला पहिला माणूस मीच असेन. कतारगामच्या आमच्या गल्लीतला गाणारा गडी गेला, म्हणून त्याचीच कॅसेट लावली होती. गाणं संपलं आणि मी सवयीने ओरडलो.

कापडाच्या लूमवर राबून त्याच्या छातीत धूळ बसली होती. तरी कानबाईच्या उत्सवात तो डफ घेऊन उभा राहिला, की आम्ही खानदेशी मंडळी वन्समोरवर वन्समोर देत त्याला सोडत नसू. तो पाठ फिरवून उपरण्यात खोकायचा, मग वळून हसायचा, "ल्या दादा, आखो एक!" आम्ही म्हणायचो, काय दम आहे गड्यात!

घरी येताना बायको म्हणाली, "त्यांची बायको सांगत होती, घरात ते पाणीसुद्धा खुणेने मागायचे. दम तुम्हा लोकांसाठी राखून ठेवायचे."