त्याला आधी पोटभर जगू दे

आमच्या शेजारच्या टेलरबाई म्हणायच्या, "माझ्या डोळ्यांत कुणीतरी दूध सांडलंय." तापाचं निमित्त झालं, मग डोळे आले, आणि बरे होता होता बुबुळांवर पांढरट पडदा धरला. आधी सुईचं नेढं दिसेनासं झालं, मग सुई, मग मशीन. शेवटी उरला नुसता उजेड, सकाळी पातळ आणि दुपारी दाट.

डॉक्टर म्हणाले, "वरचा पडदा बदलता येईल. पण तो विकत मिळत नाही. कुणीतरी जाताना मागे ठेवतं, तेव्हा मिळतो. तोवर वाट बघायची."

"बघायची म्हणता, पण कशानं?" बाई म्हणाल्या. डॉक्टर हसले. बाईंच्या नवऱ्याला मात्र हसू आलं नाही. तो कुलूपवाला होता. परतताना एवढंच पुटपुटला, "सगळ्या गावाची कुलपं उघडली, आणि घरातलंच एक हटून बसलंय."

पहिले काही महिने बाई खिडकीशी नुसत्या बसून असत. अर्धे शिवलेले कपडे गिऱ्हाइकं एकेक करून घेऊन गेली. सकाळी देवापुढे हात जोडायची त्यांची जुनी सवय, पण आता हात जोडले की शब्दच फुटेना.

"अहो, मागू तरी काय?" एकदा त्यांनी नवऱ्याला विचारलं. "डोळा दे म्हटलं, तर कुणाचं तरी मरण मागितल्यासारखं होतं."

त्याने हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाला, "मग मागू नकोस. नुसती बस त्याच्यापाशी."

बाई बसू लागल्या. त्या पांढऱ्या धुक्यात बसता बसता त्यांना कुणीतरी दिसू लागलं. बाई की बुवा, तेही कळत नसे. ते माणूस कुठेतरी जिना चढत होतं, रस्ता ओलांडत होतं, कशावर तरी खो खो हसत होतं. त्याला ठाऊकही नव्हतं की इथे कुणी त्याची वाट बघतंय. बाईंचा जीव त्याच्यात गुंतला. बाहेर गाडीने करकचून ब्रेक लावला की त्या खिडकीचा गज घट्ट धरून कान देत. मग एका सकाळी शब्द आपोआप आले, "ज्याचा पडदा मला यायचाय, त्याला आधी पोटभर जगू दे. मला घाई नाही."

त्या दिवशी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आज भूक लागलीय हो." कितीतरी दिवसांनी.

तपासणीला गेल्या, तेव्हा बाकावर शेजारी एक माणूस पाण्याची बाटली आणि पेला घेऊन रडत होता. पूर्वी ट्रक चालवायचा. नजर नुकतीच गेलेली. "साधं पाणी ओतता येत नाही हो, सगळं सांडतं," तो म्हणाला. बाईंनी त्याचा हात धरला, बोटाचं टोक पेल्याच्या कडेला आतून टेकवलं. "आता ओता. पाणी बोटाला लागलं की थांबायचं." तो थांबला. पेला भरला होता, बाक कोरडं होतं. नर्स लांबून बघत होती. "बाई, दर आठवड्याला याल का?" तिने विचारलं.

तेव्हापासून बाई जाऊ लागल्या. जिना कसा उतरायचा, शर्टाची उलटी बाजू शिवणीवरून कशी ओळखायची, घरच्यांवर चिडायचं कधी आणि गप्प बसायचं कधी, सगळं शिकवायच्या. नवरा त्यांना सोडायला जायचा आणि तिथल्या कपाटांची कुलपं फुकटात दुरुस्त करत बसायचा.

बोलावणं आलं ते एका दुपारी. फोन ठेवून नवरा ओरडलाच, "अगं ऊठ! मिळालं!"

बाई उठल्या नाहीत. तिथेच जमिनीवर बसल्या. "गेलं हो माझं माणूस," म्हणाल्या, आणि घरचं कुणी गेल्यासारख्या रडल्या. नवऱ्याने घाई केली नाही. तो शेजारी बसून राहिला. मग तोंड धुऊन दोघं निघाली.

एकाच डोळ्याला पडदा बसला. पट्टी निघाली तेव्हा सगळं पाण्याखालचं असावं तसं हलत होतं. आठवड्या-आठवड्याने ते पाणी निवळत गेलं. एकदा औषध घालायला नर्स वाकली, तर बाई म्हणाल्या, "बाही उसवलीय गं तुझी." नर्सने आनंदाने डॉक्टरांना हाक मारली.

घरी नवऱ्याकडे त्या टक लावून बघत राहिल्या. "तुम्ही म्हातारे कधी झालात?"

"तू बघत नव्हतीस, तेव्हा उरकून घेतलं," तो म्हणाला.

दुसऱ्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा "आधी बाकीच्यांचं होऊ दे," म्हणाल्या. मशीन पुन्हा सुरू झालं. रुग्णालयातला तो एक दिवस मात्र त्यांनी सोडला नाही.

अजूनही दुपारी शिवता शिवता त्या मध्येच थांबतात. समोरच्या भिंतीवरची उन्हाची तिरीप, कौलावर अंग झटकणारं पाखरू, असलं काहीतरी निवांत बघत राहतात.

"काय बघतेस एवढं?" नवरा विचारतो.

"बघत नाही हो, दाखवतेय."

कुणाला, ते तो विचारत नाही. आपली खुर्ची ओढून तोही जरा वेळ तिकडेच बघत बसतो.